दिवाबत्तीची जमीन

दुष्काळाच्या साली हुलसूरला सरकारी ज्वारी फुकट वाटायची होती. कुणाला द्यायची, ते नरहरराव इनामदार ठरवत होते. देवळात रोज दिवा लावण्यासाठी त्यांच्या घराला जमीन मिळालेली, म्हणून तिला शेतसारा माफ.

"फुकटचं खाऊन माणसं आळशी होतात," ते म्हणाले.

विधवा अंबाक्का पदर पसरून उभी राहिली.

"तू कशाला आलीस? रोज देवळात दिवा लावतेस. जाळायला तेल आहे, तो गरीब कसला?"

"व्हय मालक, चुकलंच," अंबाक्का हळूच म्हणाली. "आजपासून तुमीच लावा. जमीन त्याच्यासाठीच हाय न्हवं?"

रांगेत हसू फुटलं. इनामदारांनी घाईनं माप भरून तिच्या पदरात ओतलं.

संध्याकाळी दिवा अंबाक्कानंच लावला. इनामदारांपायी देवाला कशाला अंधारात ठेवायचं?