शिंगावरची शपथ

आर्डिसच्या अंगणात ओंडक्यांचा ढीग बर्फाखाली पडून होता आणि घरात ती गारठत होती. बर्फावर घसरून उजवा हात मोडला, कुऱ्हाड कोण चालवणार? तरी आमच्या मंडळीतलं कुणी तिकडे फिरकलं नाही. का? तर शरदातल्या मेजवानीत बाईंनी दारूचं शिंग हातात धरून शपथ घेतली होती : "या हिवाळ्यात माझं लाकूड मीच फोडीन." थोर आणि ओडिन या आमच्या नॉर्स देवांच्या साक्षीने शिंगावर बोललेला शब्द मोडला की सगळ्या मंडळीचं नशीब फुटतं, असं आम्ही मानतो. मीही मानते. पण माणूस मेल्यावर नशीब काय चाटायचंय?

यूलच्या, म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या सणाच्या मेजवानीला ती आली. हात गळ्यात बांधलेला, ओठ निळे. मधाच्या दारूचं शिंग फिरत फिरत आमच्या पुरोहिताकडे, वॉरेनकडे आलं.

"स्वावलंबन बघायचं तर आर्डिसकडे बघा!" तो म्हणाला. सगळ्यांनी जयजयकार केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढचा नंबर माझा होता. शिंग घेतलं आणि विचारलं, "वॉरेन, तुझी कंबर धरली होती, तेव्हा तुझी शेगडी कुणी फोडलेल्या लाकडावर पेटली?"

"आर्डिसच्या. पण मी मागितलं नव्हतं."

"जाळलंस ना? भेटीला परतभेट, हे तूच शिकवतोस. कुठंय तुझी परतभेट? फुकट शेकलास आणि वर तिचं कौतुक करतोस! लाज नाही वाटत?"

"व्हर्ना, तिची शपथ मोडेल."

"मोडू दे. खापर माझ्या डोक्यावर. देवांच्या साक्षीनं सांगते, उद्या मी तिच्या अंगणात लाकूड फोडणार."

आर्डिस ताडकन उठली. "पाऊल टाकून तर बघ! मला भीक नको."

"भीक? मग आम्हाला इतकी वर्षं देत होतीस, ती भीकच घालत होतीस होय गं?"

मला संतापाने रडू फुटलं. "घ्यायचं नसेल तर यापुढे देऊही नकोस कुणाला."

शिंग तिच्याकडे गेलं. डाव्या हाताने तिने ते कसंबसं पेललं.

"शपथ मोडते," ती म्हणाली आणि घोट घेतला. मग वॉरेनकडे वळली. "कुऱ्हाड शेडमध्ये आहे. धार गेलीय तिची. सकाळी येताना कानस घेऊन ये."