ताईचा आवाज कुलपात

यंत्राला कधी दुखणं सुचेल याचा नेम नसतो, पण या सर्व्हरचं दुखणं फ्यूजने स्वतःच्या हाताने आणलं होतं. सकाळी केंद्र उघडायच्या आधी येऊन त्याने फर्मवेअर अपडेट लावलं. फर्मवेअर म्हणजे यंत्र जागं होताना सगळ्यात आधी स्वतःशी जे पुटपुटतं ते. कारखान्यातूनच पोटात भरून आलेलं. जुनं धोक्याचं आहे, नवं लावा, असा कंपनीने कधीचा धोशा लावला होता. त्याने लावलं. पट्टी भरत गेली, यंत्र बंद झालं, पंखे पुन्हा घरघरले आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

"काही नाही म्हणजे? काल संध्याकाळपर्यंत नांदत होतास ना सुखाने?" फ्यूज त्याला म्हणाला. यंत्रांशी भांडायची त्याला सवय होती. माणसांशी भांडायची हिंमत नसली की असं होतं.

फ्यूज हे काही त्याचं नाव नव्हे. लहानपणी त्याने रेडिओ खोलला आणि घरभर अंधार करून ठेवला, तेव्हा थोरल्या बहिणीने ते ठेवलं. ते असं चिकटलं की नोकरीतही त्याच्या मागोमाग आलं. आता केंद्रातली सगळी यंत्रं तो एकटा सांभाळायचा. केंद्र होतं आवाजांचं. आजाराने ज्यांची वाचा हळूहळू जाणार अशी माणसं इथे यायची, भिंतींना जाड फोम लावलेल्या खोलीत बसून शेकडो वाक्यं वाचायची. पुरेशी वाक्यं जमली की त्यांतून त्यांचाच आवाज बांधता येई. मग पुढे जीभ हलली नाही तरी टॅबलेटवर लिहिलेलं त्यांच्याच आवाजात बोललं जाई. सगळ्यांची वाक्यं या सर्व्हरवर होती, आणि सर्व्हर होता पूर्वी चादरी ठेवायच्या एका कोंदट खोलीत.

त्याने नेहमीचे उपाय केले. वायर काढून यंत्र शांत होऊ दिलं. झाकण काढलं, कार्डं उपसून पुन्हा घट्ट बसवली. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम तपासला. जुनं फर्मवेअर परत घालून पाहिलं, तर यंत्राने सरळ नकार दिला. शेवटी डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या पडद्यात शिरला, तेव्हा खरं दुखणं कळलं. डिस्क सगळ्या जागेवर होत्या आणि धडधाकट होत्या. फक्त कुलूपबंद होत्या. कार्ड किल्ली मागत होतं, कारण अपडेटच्या गडबडीत स्वतःजवळची किल्ली ते विसरून बसलं होतं.

फ्यूजचे हात थांबले.

कार्ड बसवलं त्या दिवशी त्याने एक किल्ली तयार केली होती. किल्ली म्हणजे एक छोटीशी फाइल. ती दुसरीकडे कुठेतरी जपून ठेवा, असं पडद्यावर ठळक लिहून आलं होतं. त्याने ती तात्पुरती स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकली. या धंद्यात तात्पुरत्याइतकं कायमचं दुसरं काही नसतं. आणि ते फोल्डर होतं याच सर्व्हरवर. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून शहाण्याने दार ओढून घेतलं होतं.

एवढंच असतं तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असता आणि कामाला लागला असता. पेशंटांच्या फोल्डरची नक्कल रोज संध्याकाळी दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर जात होती. डिस्क पुसायच्या, सगळं नव्याने बसवायचं, नक्कल परत आणायची; दिवसभराचं काम. पण त्याच्या खासगी फोल्डरची नक्कल कुठेच जात नव्हती. आणि त्या फोल्डरमध्ये ताई होती.

ताईला हा आजार झाला तेव्हा तिला फोमच्या खोलीत त्यानेच आणून बसवलं होतं. समोर ठेवलेली वाक्यं तिने धड वाचली नाहीत. "आज हवा छान आहे. कुणी लिहिलंय हे? डोळे फुटलेत का त्याचे?" असं चालायचं. मधेच ती त्याला शिव्या घालायची, सासूची नक्कल करायची, आईची एखादी आठवण निघाली की गप्प व्हायची आणि मग नाक ओढून पुढे वाचायची. निघताना दर वेळी बजावायची, "फ्यूज, तुझ्या मॅडमला यातलं काही ऐकवलंस तर बघ. आधी साफ कर, मग दे."

म्हणून त्याने ते पेशंटांच्या फोल्डरमध्ये घातलंच नाही. वाक्यं वेगळी काढायची, बाकीचं कापायचं, एवढंच काम होतं. तो रोज कापायला बसायचा आणि नुसताच ऐकत राहायचा. कापायचं काय, हेच त्याला कळेना. तोवर ताईची वाचा गेली. आता ती पलंगावरून एका अक्षरांच्या तक्त्याकडे बघायची, समोरच्याने ओळीवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची. टॅबलेटमध्ये एक तयार आवाज होता, बातम्या सांगतात तसल्या बाईचा. ताईने तो पहिल्याच दिवशी धुडकावला. डोळे मिटून मिटून तिने एवढं मोठं वाक्य सांगितलं होतं: परक्या बाईच्या तोंडून मी तुला गाढव म्हणणार नाही.

त्याने कंपनीला फोन लावला.

"किल्लीची दुसरी प्रत नाही?" इंजिनिअरने विचारलं.

"नाही."

"मग नाही उघडणार, साहेब. आम्हालाही नाही. ते त्यासाठीच बनवलंय."

"डिस्क पाठवल्या तर?"

"पाठवा हवं तर. खोटी आशा दाखवत नाही." माणूस भला होता. त्याचा भलेपणाच फ्यूजला सहन झाला नाही.

तो बाहेर आला तेव्हा बाकावर गुरुजी बसले होते. चाळीसेक वर्षं वर्गात खणखणीत शिकवलेला माणूस, आता शब्द जिभेत अडकत होते. बाजूला मॅडम उभ्या होत्या. केंद्र त्यांचंच, वाक्यं वाचून घेण्याचं कामही त्यांचं.

"किती वेळ लागेल?" मॅडमनी हळूच विचारलं.

"डिस्क पुसल्या तर उद्या सुरू होईल."

"आणि नाही पुसल्या तर?"

"नव्या मागवाव्या लागतील. महिनाभर."

मॅडमनी गुरुजींकडे पाहिलं. वाचलेलं वाक्य कामाचं आहे की पुन्हा घ्यायचं, हे सर्व्हरच तपासायचा. त्याच्याशिवाय बसवून उपयोग नव्हता. आणि महिन्याने गुरुजींच्या तोंडात वाचण्याजोगं काय उरलं असतं, ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

"मग अडलंय कशावर?" त्यांनी विचारलं. त्याच्या खासगी फोल्डरचं त्यांना ठाऊक नव्हतं. गुरुजी काहीतरी म्हणाले. फ्यूजला ते दोनदा विचारावं लागलं. ते म्हणत होते, "सावकाश होऊ द्या, घाई नाही."

फ्यूज थेट ताईच्या घरी गेला. वाटेत त्याने एक थाप रचली: यंत्र आपोआप बिघडलं, कंपनीची चूक, कुणाच्याच हातात नव्हतं. थाप चांगली होती. पण ताईपुढे त्याची एकही थाप आजवर टिकली नव्हती. रेडिओच्या वेळीही त्याने मांजरावर ढकलून पाहिलं होतं.

दार भाऊजींनी उघडलं. ताई उशांना टेकून होती. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याची थाप दारातच गळाली. त्याने सगळं सांगितलं. किल्ली, फोल्डर, कापायचं राहिलेलं, बाकावर थांबलेले गुरुजी, सगळं. भाऊजी मधेच उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

"डिस्कमध्ये तू आहेस अजून," तो म्हणाला. "जशीच्या तशी. फक्त उघडत नाही. नाही पुसल्या तर ठेवता येतील, ताई. पुढेमागे कुणी काही शोधून काढलं..."

ताईने डोळ्यांनी तक्ता मागितला. त्याचं बोट ओळीवरून फिरू लागलं. काना-मात्रा ती सांगत नसे, समजून घ्यायच्या. पहिला शब्द झाला, गुरुजी. दुसरा झाला, बसव.

"ताई, एकदा पुसलं की—"

ती पुन्हा तक्त्याकडे बघू लागली. बोट पुन्हा फिरलं. कळलं मला, असं ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत, तेव्हा तिला काही सांगायचं नाही, रडायचं आहे, हे त्याला कळायला वेळ लागला. तिचे गाल त्यानेच पुसले. तिला ते स्वतः करता येत नव्हतं.

केंद्रात परतल्यावर त्याने फार वेळ लावला नाही. लावला असता तर जमलं नसतं. कार्डाच्या पडद्याने विचारलं, सगळं पुसायचं, नक्की? त्याने हो म्हटलं. कार्डाने पुन्हा विचारलं. यंत्रांनाही कधी नको तेव्हा शहाणपण सुचतं. त्याने पुन्हा हो म्हटलं, आणि कोंदट खोलीत, पंख्यांच्या घरघरीत, तोंडावर रुमाल दाबून तो लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर निमूटपणे सुरू झाला, जणू काही घडलंच नव्हतं. लोकांचे आवाज एकेक करून परत आले. किल्लीची फाइल या वेळी त्याने दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली. गुरुजी फोमच्या खोलीत बसले. आज हवा छान आहे, असं ते अडखळत, पण ठासून म्हणाले, आणि सर्व्हरने ते वाक्य मान्य केलं. मॅडमनी काचेतून फ्यूजकडे पाहून हात जोडले. त्याने मान खाली घातली.

दुपार टळून गेल्यावर तो ताईकडे गेला. पलंगाशी तक्ता नव्हता. त्याच्या जागी स्टँडवर नजरेवरून अक्षर ओळखणारा तो टॅबलेट होता. भाऊजींनी तो कपाटातून काढून, धूळ पुसून लावून दिला होता. ताईची नजर पडद्यावरच्या अक्षरांवरून सावकाश सरकत होती. फ्यूज शेजारच्या खुर्चीत बसला. 

मग ती बातम्यांतली बाई बोलली. स्वच्छ, गोड, एका सुरात.

"गाढवा. जेवलास का."

भाऊजींनी तोंड फिरवलं. ताई त्याच्याकडे बघत होती. फ्यूजने कालपासून तोंडात घास घातला नव्हता.

"जेवलो," तो म्हणाला.

ताईशी खोटं बोलणं त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं. त्या बाईशी मात्र पहिल्याच दिवशी जमलं.