सकाळी साडेसहाची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. कुकरची नव्हे, कंडक्टरची नव्हे, फुटबॉलच्या रेफ्रीची. काळी, प्लास्टिकची, पोटात गोटी नसलेली. गोटी नसल्यामुळे घाम जाऊ दे नाहीतर धूळ, माझा आवाज अडत नाही. मैदानापलीकडे चरणाऱ्या शेळ्यासुद्धा मान वर करतात! बढाई वाटेल तुम्हाला. पण गेल्या सव्वा वर्षात मी जे पाहिलंय ते सांगताना माझा आवाज चढणारच.

संभाजीनगरच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानात मी बारा बहिणींबरोबर पुठ्ठ्यावर लटकत होते. वडवणीच्या शाळेतले श्रीशैल सर आले आणि त्यांनी मला उचललं. तीन वर्षं मी खूप वाजले. मग शाळेत खेळाच्या तासाला गणित शिकवायला लागले आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. खडूचे तुकडे, फाटका डस्टर आणि मी. चार वर्षं.

श्रीशैल सर बीड जिल्हा फुटबॉल संघटनेचे सचिव होते. संघटना म्हणजे तरी काय, सर, त्यांची मोटारसायकल आणि खेळाडूंच्या नोंदणीच्या फायली ठेवलेलं एक कपाट. एका दुपारी त्यांची जुनी विद्यार्थिनी वर्षाराणी पेढे घेऊन आली. ती राज्य संघटनेची रेफ्रीची परीक्षा पास झाली होती. सरांनी खण उघडला, मला धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"सर, दुसरी काय द्यायची न्हाई मला," ती म्हणाली. "हीच पायजे होती."

तिचे वडील शंकरप्पा वडवणीत किराणा दुकान चालवायचे. त्यांना काही हे पटलं नव्हतं. "मैदानात लोकं रेफ्रीला लई शिव्या देत्यात गं पोरी."

"दुकानात गिऱ्हाईक काय आरती करतंय का अप्पा?" वर्षाराणी म्हणाली, आणि मी तिच्या गळ्यात गेले.

आता त्या डिसेंबरच्या सकाळबद्दल सांगते. धारूरला किल्ल्याच्या बाजूच्या मैदानावर मुलींच्या लीगचा सामना होता, धारूर विरुद्ध अंबाजोगाई. चुन्याच्या रेषा आखल्या होत्या. अंबाजोगाईच्या अकरा जणी उड्या मारून अंग गरम करत होत्या. धारूरच्या बाजूला मात्र सहाच मुली उभ्या होत्या.

फुटबॉलचा नियम असा की एका बाजूला सात जणी नसतील तर सामना सुरूच करता येत नाही. वर्षाराणीनं घड्याळात पाहिलं. पंधरा मिनिटं थांबली, मग आणखी पाच. धारूरची कप्तान शिवगंगा धावत आली. तिच्या बापाचं बाजारात कापडाचं दुकान, म्हणून ती गावातच होती.

"ताई, आमी सहा जणी खेळतो की! हारलो तर हारलो."

"न्हाई होत गं. सात लागतात."

"बाकीच्या येणार बी न्हाईत ताई. दिवाळी झाली की गेल्या. त्यांचे आईबाप ऊस तोडायला जात्यात, त्या बी जात्यात. आमची स्वप्नाली गोलकीपर हाय, ती कोल्हापूरकडं गेलीय. मार्चमधी येतील सगळ्या."

वर्षाराणी मला ओठांपर्यंत घेऊन गेली आणि तशीच खाली आणली. त्या दिवशी मी वाजलेच नाही. सहाही मुली गोलच्या खांबाला टेकून रडल्या. अंबाजोगाईच्या मुलींना न खेळता विजय मिळाला, पण त्यांनाही तो नको होता. त्या पाण्याच्या बाटल्या घेऊन या सहा जणींजवळ जाऊन बसल्या.

महिन्याभरात राज्य संघटनेचं पत्र आलं. बीड जिल्ह्यातली मुलींची लीग अपुरी राहिली, पुढच्या वर्षीही चार संघ पूर्ण झाले नाहीत तर मुलींच्या विभागाची मान्यता काढून घेण्यात येईल. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"संपलं म्हणायचं वर्षाराणी."

"संपलं कसं सर? मुली कमी न्हाईत. तारखा चुकल्यात."

मग आठ दिवस मी मोटारसायकलवर फिरले! धारूर, वडवणी, माजलगाव, मधल्या वाड्या आणि तांडे. नोंदणीची फाईल घेऊन वर्षाराणी घरोघरी विचारायची, ही मुलगी कुठं आहे? कुलपं लावलेली घरं, ओसरीवर म्हातारी माणसं, आणि एकच उत्तर: कारखान्याला गेलीय. धारूरच्या नोंदवलेल्या एकोणीस मुलींपैकी तेरा जणी बाहेर होत्या. वर्षाराणीनं प्रत्येकीच्या नावापुढं ती कुठल्या भागात ऊस तोडायला गेली आहे ते लिहिलं.

फेब्रुवारीत पुण्याला राज्य संघटनेची सभा झाली. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर ढाली. मी वर्षाराणीच्या पर्समध्ये होते, पण चेन उघडी होती. राज्यातली मुलींची लीग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे कित्येक वर्षांचं वेळापत्रक. ते आमच्यापुरतं बदलून एप्रिल-मे करा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"एका जिल्ह्यासाठी वेळापत्रक बदललं तर उद्या प्रत्येक जिल्हा मागेल," एक पदाधिकारी म्हणाले.

"मागू द्या की सर. ज्यांच्या मुली त्या महिन्यात घरी नसतात त्यांनी मागायलाच पायजे."

"आणि मे महिन्यात? बीडच्या उन्हात फुटबॉल?"

"सकाळी साडेसहाला सुरुवात. पस्तीस-पस्तीस मिनिटं. आठच्या आत मुली घरी. आमच्याकडच्या बाया त्या वेळेला निम्मं काम उरकून बसलेल्या असतात सर." मग तिनं ती यादी टेबलावर ठेवली. "ह्या बघा आमच्या गैरहजर मुली. ह्यांनी फुटबॉल सोडला न्हाई. आपण ह्यांना सोडलं."

 कोपऱ्यात घोरपडे साहेब बसले होते, कोल्हापूरचे जुने खेळाडू, पांढऱ्या मिशा. त्यांनी यादी ओढून घेतली आणि बोट फिरवत वाचली. "ह्यातल्या चार पोरी आमच्या तालुक्यात हायत की ओ," ते म्हणाले. "आमच्या मैदानाच्या पलीकडंच त्यांच्या पाचटाच्या कोप्या. आणि आम्हाला पत्ता न्हाई."

शेवटी एका उन्हाळ्याची परवानगी मिळाली. अटी तीन. चार संघ पूर्ण हवेत, सगळ्या मुली नोंदणीतल्या हव्यात, आणि एकही सामना गोंधळामुळं बंद पडता कामा नये. अंतिम सामना बघायला घोरपडे साहेब स्वतः येणार होते.

काय तो मे महिना होता! पहाटे आभाळ उजळायला लागलं की टेम्पो सुटायचे. धारूर, वडवणी, माजलगाव, अंबाजोगाई, चारही संघ भरलेले. राखीव मुलींना बसायला जागा नाही म्हणून श्रीशैल सरांनी शाळेतले बाक उचलून आणले. साडेसहाला मी वाजायचे आणि आठ वाजता मैदान रिकामं. सहा सामने झाले, एकही अडला नाही. ऊस तोडून, मोळ्या उचलून आलेल्या त्या मुलींच्या पायांत आणि खांद्यांत काय जोर होता म्हणून सांगू! धारूरची स्वप्नाली बॉल हातानं फेकायची तो थेट अर्ध्या मैदानापलीकडे.

अंतिम सामना वडवणीत ठेवला, धारूर विरुद्ध अंबाजोगाई. त्या दिवशी आठवडी बाजार होता. कोथिंबिरीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे घेऊन आलेली माणसं आधी मैदानावर थांबली. धारूरहून दोन टेम्पो भरून लोक आले होते. शंकरप्पांनी दुकान बंद ठेवलं होतं. गिऱ्हाईकांना म्हणाले, "आज काय मिळणार न्हाई, आमची पोरगी रेफ्री हाय."

विसाव्या मिनिटाला शिवगंगानं गोल केला. लोकांनी टोप्या उडवल्या. मग अंबाजोगाई चढून आली, पण स्वप्नाली खांबापासून खांबापर्यंत झेपावत होती. सहासष्टावं मिनिट. आणखी चार मिनिटं काढली की धारूर जिंकणार. अंबाजोगाईची एक मुलगी दोघींना चुकवून एकटीच गोलकडं निघाली. स्वप्नाली पुढं आली, बॉलवर पडली, पण बॉल आधीच निघून गेला होता आणि तिचा पाय त्या मुलीच्या घोट्याला लागला. मुलगी कोसळली.

वर्षाराणीच्या छातीतला श्वास मला आधी कळतो. या वेळी तो क्षणभर थांबला. समोर धारूरचे दोन टेम्पो भरून लोक, कडेला घोरपडे साहेबांची वही, आणि तिसरी अट. लोक आत घुसले तर सामना बंद, आणि सामना बंद तर सगळंच बंद. न वाजवता पुढं जाता आलं असतं. तिनं मला इतक्या जोरात फुंकलं की माझी कड थरथरली. पेनल्टी!

"न्हाई, न्हाई! पाय लागलाच न्हाई!" गर्दी उसळली. स्वप्नालीचा चुलता रामकिसन चुन्याची रेषा ओलांडून आत आला, त्याच्यामागं दहा-बारा माणसं. वर्षाराणी जागची हलली नाही. मी तिच्या ओठांत होते, पण आता माझा काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात स्वप्नालीनं हातमोजे काढून जमिनीवर टाकले आणि ती चुलत्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"काका, माघारी फिरा. माझाच पाय लागला."

"अगं येडे, तू कावून सांगतीस?"

"कावून म्हंजे? लागला म्हणून सांगतेय. आन् आज मॅच बंद पडली तर पुढल्या साली आमाला कोण खेळवल? आमी काय पुन्ना डिसेंबरातच खेळायचं का, उसाच्या फडात?"

रामकिसन थबकला. तोवर तिची आई वनमाला गर्दीतून पुढं आली होती. तिनं पदर खोचला आणि चुन्याच्या रेषेवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "भावजी, बाहेर व्हा. बाकीच्यांनी बी बाहेर व्हा. पोरी खेळत्यात, तुमी बघा." तिच्या शेजारी दुसरी बाई उभी राहिली, मग तिसरी. कोथिंबिरीची पाटी खाली ठेवून एक बाजारकरीण आली. बघता बघता रेषेवर बायांची रांग झाली आणि माणसं एकेक करून मागं सरली. रामकिसननं टोपी नीट केली आणि जाऊन बाकावर बसला.

वर्षाराणीनं स्वप्नालीला पिवळं कार्ड दाखवलं. स्वप्नालीनं मान हलवली, हातमोजे झटकून घातले आणि रेषेवर उभी राहिली. मी वाजले. बॉल डावीकडून जाळीत गेला. एक-एक.

पुढं पेनल्ट्यांवर निकाल लागला. स्वप्नालीनं दोन अडवल्या, मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी! पण धारूरच्या तिघींच्या बाहेर गेल्या, आणि अंबाजोगाई तीन-दोननं जिंकली. शिवगंगा रडत होती, स्वप्नाली तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. घोरपडे साहेब वही बंद करून वर्षाराणीजवळ आले.  तिच्याकडं बोट दाखवत श्रीशैल सरांना म्हणाले, "मी चाळीस वर्षं फुटबॉल बघतोय. फाऊल केलेला गोलकीपर रेफ्रीच्या बाजूनं भांडताना आज बघितला."

सर हसले, आणि मग चष्मा पुसत राहिले.

ऑगस्टमध्ये निर्णय आला. ज्या जिल्ह्यांतून माणसं ऊसतोडीला जातात तिथं मुलींची लीग यापुढं उन्हाळ्यात होईल. आणि दुसरी गोष्ट, जी आमच्यापैकी कुणी मागितलीही नव्हती. ती घोरपडे साहेबांनी सुचवली होती. एका नोंदणीवर दोन मैदानं! मुलगी उन्हाळ्यात आपल्या गावच्या संघात खेळेल आणि हिवाळ्यात जिथं ऊस तोडायला जाईल तिथल्या संघात. सरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा वर्षाराणीनं मला हातात धरून शाळेच्या व्हरांड्यातच वाजवलं. गणिताचा तास चालू होता. पोरं ओरडत बाहेर धावली, गणिताचे मास्तर चिडले, आणि श्रीशैल सर त्यांना म्हणाले, "ओरडू द्या पोरांना!"

सप्टेंबरात बीडला नव्या रेफ्रींचं शिबिर झालं. स्वप्नालीनं त्यात नाव दिलं आणि ती पहिल्या पायरीची परीक्षा पास झाली. दिवाळीनंतर तिची ऊसतोडीची टोळी निघाली तेव्हा वर्षाराणी धारूरला आली आणि तिनं मला स्वप्नालीच्या गळ्यात घातलं.

"ताई, मग तुमी?"

"माझ्याकडं नवी हाय. तू हिला गंजू देऊ नको."

मी प्लास्टिकची आहे, गंजत नाही. 

तर सध्या माझा मुक्काम कोल्हापूरकडच्या एका कारखान्याजवळ, पाचटाच्या कोपीत आहे. रविवारी सकाळी स्वप्नाली घोरपडे साहेबांच्या संघाकडून गोलमध्ये उभी राहते. इतर दिवशी उसाची गाडी भरून झाली की तोडलेल्या फडाच्या कडेला ती आसपासच्या टोळ्यांतल्या पोरापोरींना जमवते आणि मी वाजते. बीडची पोरं आहेत, जालन्याची आहेत, पलीकडच्या गावातली कोल्हापूरची पोरंही येतात. एप्रिलच्या लीगसाठी आमच्या जिल्ह्यातून नऊ संघांची नावं गेली आहेत म्हणे. नऊ!

आणि परवाची गंमत तर सांगायचीच राहिली. कारखाना दोन दिवस बंद होता. बाया कोप्यांपुढं बसून पोरींचा खेळ बघत होत्या. वनमाला एकदम उठली. "आमाला बी खेळू दे की गं." आठ-नऊ बायांनी पदर खोचले. नियम कुणालाच माहीत नव्हते, बॉल दिसेल तिकडं सगळ्या पळत होत्या. वनमालानं जोरात लाथ मारली, बॉल जागीच राहिला आणि चप्पल गोलमध्ये गेली! स्वप्नाली हसून हसून खाली बसली, तिला मला फुंकताच येईना. तिच्या हसण्याचाच वारा माझ्यातून गेला आणि मी कशीबशी चिरकले. बायांनी तो गोल धरला.

माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना फुटबॉल पडला असेल, थोडीफार हवा धरत असेल, तर जवळच्या ऊसतोडीच्या टोळीकडं नेऊन द्या. मुलींच्या मापाचे बूट असतील तर तेही द्या. शिट्टी मात्र देऊ नका. इथं वाजायला मी आहे.