दिग्गीचा साकव आणि सावित्रीच्या चाचण्या

१९९४ साली रामनगरच्या आमच्या छोट्या कचेरीत एकच कॉम्प्युटर होता. जोयडा तालुक्यातल्या पावसाच्या नोंदी त्यावर भरलेल्या होत्या. दिग्गीच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, व्हायचा होता. एका दिवसात सगळ्यात जास्त पाऊस किती पडला, यावरून बेळगावचे इंजिनियर त्याची उंची ठरवणार होते. दिग्गी हे माझ्याबरोबर काम करणाऱ्या सावित्रीचं माहेर.

नोंदी गावोगावी आपापल्या तऱ्हेनं लिहिलेल्या. म्हणून सावित्रीनं आमच्या लायब्ररीत, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडमध्ये, रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय केली. ‘आधी अंक, मग मि.मी.’ असा नमुना सांगितला की मजकुरातून नेमकं तेवढंच उचललं जाई. मी फिजिक्सची पदवीधर. इतक्या थोड्या ओळींत एवढं काम मी पाहिलं नव्हतं.

आमचे साहेब बाबुराव खूश झाले. “आकडा निघाला न्हवं? बेळगावची बस येतीया. फ्लॉपी दे.”

“थांबा सायेब, चाचण्या चालवते.”

“तूच लिहायचं आन् तूच संशय घ्यायचा?”

“माझ्यावर घेतला की भांडण होत न्हाई.”

बऱ्याच गावांच्या काही नोंदींची उत्तरं तिनं आधीच हातानं काढून ठेवली होती. प्रोग्रॅम आपली उत्तरं त्यांच्याशी स्वतःच ताडून पाहू लागला. पडद्यावर ‘बरोबर’, ‘बरोबर’ उमटत गेलं. दिग्गीपाशी ‘चूक’ आलं.

“हातानं काढताना चुकलं असेल,” मी म्हणाले.

“न्हाई गे गिरजा. मापाचा ग्लास बारका. पाऊस जोराचा झाला की आमच्या गावचा लखूदादा ग्लासामागून ग्लास मापतो आन् दरेक येगळा लिहितो. बेरीज हापिसानं करावी म्हणतो.”

प्रोग्रॅम पहिल्या ग्लासाचा आकडा उचलून थांबत होता. रिमझिमीचे दिवस बरोबर येत होते, मुसळधारेचेच तोकडे पडत होते.

तिनं प्रोग्रॅमला ओळीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज करायला लावली. दिग्गी बरोबर झालं, पण लगेच कुंभारवाडा चुकला. तिथला माणूस ग्लास लिहून शेवटी एकूणही लिही, म्हणून पाऊस दुप्पट झाला. चाचणी नसती तर हे आम्हाला कळलंही नसतं. सावित्री हसली, ‘एकूण’साठी वेगळा नमुना तिनं लिहिला आणि सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून चालवल्या.

बाहेर बस हॉर्न वाजवून निघून गेली. बाबुराव पडद्यावरच्या नव्या आकड्याकडे बघत राहिले.

“साकव लई वर घ्यावा लागंल.”

“व्हय सायेब.”

“जाऊ दे, उद्याच्या बशीनं धाडू.” खुर्ची पुढं ओढून ते म्हणाले, “आमच्या उळवी गावचीबी चाचणी घातलीस काय गे?”