तांब्याभर गोडं पाणी

जयरामची खाकी पाठ गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली, तशी चांगुणानं दाराला आतून कडी घातली. रांजणातून तांब्या भरला, काचेच्या पेटीवरचं झाकण जरासं सरकवलं आणि कडेकडेनं, आवाज न करता पाणी आत सोडलं. खडकाला चिकटलेलं फूल क्षणभर आखडलं आणि मग पुन्हा हळूहळू उलगडलं.

"पी बाबा," ती पुटपुटली. "अन् कुणाला सांगू नको."

सांगणार कोणाला? ते फूल म्हणजे खरं तर फूल नव्हतंच. समुद्रातला जीव होता तो, पाकळ्यांसारखी बोटं हलवत राहणारा. जयरामनं तो डहाणूच्या किनाऱ्यावरून दगडासकट उचलून आणला होता. डहाणूहून लोक चिकू आणतात. जयराम समुद्र आणायचा. एसटीत ड्रायव्हर होता, नाशिक-डहाणू मुक्कामी गाडी त्याच्याकडे होती. एकदा ओहोटीच्या वेळी खडकांत साठलेल्या पाण्यात त्याला हे रंगीत जग दिसलं, आणि चाळिशी ओलांडलेला हा माणूस तिथं लहान पोरासारखा उकिडवा बसून राहिला. पुढं त्यानं लोखंडी पट्ट्यांची चौकट करवून घेतली, काचा बसवल्या, हवेचा पंप मिळवला, आणि दर खेपेला सीटमागं प्लास्टिकचा कॅन ठेवून खारं पाणी आणू लागला. पेटीत खडक होते, त्यावर बटणांसारखे हिरवे प्रवाळ होते, बोटाएवढे दोन मासे होते, पाठीवर शंख घेऊन हिंडणारा एक खेकडा होता. आणि सगळ्यांच्या मधोमध ते फूल.

पहिल्या उन्हाळ्यात मात्र आणलेलं सगळं पटापट मेलं. उन्हानं पेटीतलं पाणी उडायचं, जयराम पेटी गळते असं समजून कॅनमधलं समुद्राचं पाणी घालून ते भरायचा, पुन्हा उडायचं, पुन्हा भरायचा. काचेच्या काठावर मिठाचा पांढरा थर धरू लागला. तो पुसताना चांगुणाच्या ध्यानात आलं. आमटी आटली की खारट होते. पाणी तेवढं उडतं, मीठ जागच्या जागी राहतं. तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं, की उडालेल्याच्या जागी साधं पाणी घाला.

जयराम भडकला. हा माणूस दूध घ्यायचा ते गोठ्यावर स्वतः उभं राहून, डोळ्यांदेखत काढलेलं. भेसळ या शब्दाचीच त्याला चीड होती. "दुधात पाणी घालणाऱ्याला मी दारात उभा करत नाही, आणि माझ्या समुद्रात मीच नळाचं पाणी घालू?" तो म्हणाला, आणि विषय संपला. त्याच्या घरात विषय असेच संपायचे.

दुसऱ्या खेपेचे जीव आले तेव्हा चांगुणानं वाद घातला नाही. तो ड्यूटीवर गेला की ती तांब्याभर पाणी ओतू लागली. पेटी जगली, वर्षामागून वर्षं. नुसती जगली नाही, बहरली.

मग काय, गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की पेटी बघायला यायचे. डेपोतले लोक यायचे, बायकापोरांना घेऊन. बुद्धाच्या तसबिरीखाली ती निळ्या उजेडाची पेटी, आणि शेजारी हात मागे बांधून उभा असलेला जयराम. "पाणी बघा," तो सांगायचा. "महिना झाला, बोटभर घटलं नाही. समुद्राचं पाणी जड असतं, ते उडत नाही. आणि आपल्याकडे थेंबाची भेसळ नाही." चहाचे कप घेऊन उभी असलेली चांगुणा खाली जमिनीकडे बघायची. हसू आवरणं कठीण जायचं, पण आवरायची.

सुरुवातीला तो बोलेल या धाकानं ती गप्प राहिली होती. पुढं कारण बदललं. सगळा जन्म या माणसानं लोकांना इथून तिथं पोचवलं. उतरताना कुणी त्याचं तोंडही बघितलं नाही. या पेटीपायी लोक त्याला 'समुद्रवाले' म्हणू लागले होते. तेवढा एक मान होता त्याच्यापाशी. तो काढून घ्यायला तिचा जीव धजेना.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालेगावहून जावई पुंजा आला. तो यंत्रमागावर कामाला होता. लेकीचे, विशाखाचे, दिवस भरत आले होते. तिला सासू नव्हती, घरात थोरलं पोर होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला मनाई केली होती. लेक माहेरी येऊ शकत नव्हती, तर माहेरानंच तिच्याकडे जायचं होतं. चांगुणा लगेच निघायला तयार झाली आणि लगेच तिची नजर पेटीकडे गेली. सव्वा महिना तरी घर सुटणार. तोवर पेटीत पाणी कोण घालणार?

शेजारच्या लताबाईला सांगावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नसे; संध्याकाळपर्यंत डेपोत कळलं असतं. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी भाकरी वाढताना चांगुणानं धीर केला. म्हणाली, मी नाय तवर पेटीला जरा गोडं पाणी देत जा. जयरामनं ताटावरून मान वर केली. "तेवढं सोडून काय ते सांग," तो म्हणाला.

तिनं मग लोणच्याची बरणी कुठं आहे ते सांगितलं.

मालेगावात मागांचा खडखडाट दिवसरात्र चालायचा, आणि विशाखाची नवी मुलगी त्यात खुशाल झोपायची. कधीमधी माग थांबले तरच ती दचकून उठे. चांगुणा बाळंतिणीचं करत होती, थोरल्याला भरवत होती, आणि मधूनच तिचे हात थांबायचे. बाहेर ऊन रखरखत होतं. या उन्हात किती पाणी उडत असेल, याचा हिशेब तिचं मन आपोआप करत बसे.

बाळाचं तोंड बघायला जयराम रजा काढून आला. चिकूची पिशवी आणली होती. नातीला मांडीवर घेतलं, जरा हसला, पण चेहऱ्यावरचं हसू टिकेना. चांगुणा परसात लंगोट धूत होती, तिथं येऊन तो दगडावर बसला.

"मासे गेले," तो म्हणाला. "दोन्ही."

"अन् फूल?"

"मिटून बसलंय. बोरासारखं झालंय एवढंसं." त्यानं बोटांनी दाखवलं. मग सांगत राहिला. पाणी पुन्हा पहिल्या उन्हाळ्यासारखं घटायला लागलं होतं. पेटी गळते म्हणून त्यानं सगळीकडून पुट्टी भरली. दर खेपेला ताजं समुद्राचं पाणी घातलं, एकदा तर दोन कॅन आणले. जितकं घालावं तितकं फूल आणखी आखडत होतं.

तो काडीनं माती उकरत राहिला.

"हसशील तू," तो म्हणाला. "पण मला वाटतं, त्याला तुझी सवय झाली होती. तू गेल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नाही."

चांगुणाच्या हातातला पिळा तसाच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली; या माणसानं तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं आणि वाईटही म्हटलं नव्हतं. चित्त कुणाचं थाऱ्यावर नव्हतं, ते तिला न सांगता कळलं. तिला भरून आलं. हे वाक्य तसंच पदराला बांधून ठेवावं, असं फार वाटलं. जन्मभर पुरलं असतं. गप्प राहायचं, आठपंधरा दिवसांनी घरी जायचं, आणि कडी लावून पुन्हा तांब्या ओतायचा. जयराम म्हणाला असता, बघ, तू आलीस आणि उमललं.

पण ते फूल आठपंधरा दिवस कुठलं थांबतंय?

"त्याला माझी सवय नाय हो," ती म्हणाली. "गोड्या पाण्याची हाय."

त्याला कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. कडी, रांजण, तांब्या. मान वर न करता सांगितलं.

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. पहिले मेले, तवापासून."

"म्हणजे सगळीच वर्षं."

पलीकडे माग खडखडत होते. "आणि मी अख्ख्या डेपोला सांगत सुटलो, थेंबाची भेसळ नाही म्हणून," जयराम म्हणाला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसला. तो उठला, घरात गेला, नातीच्या मुठीत नोट ठेवली आणि पिशवी उचलली. मुक्काम करणार होता. विशाखानं आग्रह केला तरी थांबला नाही.

चांगुणा त्याच्यामागून स्टँडपर्यंत गेली. आपण एका जिवासाठी दुसऱ्याचा मान मोडला, एवढंच तिच्या मनात घोळत होतं. नाशिकची गाडी लागली. जयराम चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसला. समोर रस्त्याकडे बघत राहिला. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा कुठं त्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"तांब्या कोणता? मोठा का बारका?"

"बारका," ती धावत जवळ गेली. "गळ्यापोत्तर. अन् रांजणातलंच घ्या, ताजं नळाचं नको, त्यात औषध असतंय. आता लय खारं झालं असंल, एकदम नका ओतू. दमादमानं."

"कडेनं?"

"कडेनं."

त्यानं मान हलवली. गाडी फाटकाबाहेर पडून हमरस्त्याला लागली. चांगुणा उन्हात उभी राहिली. फूल आता बहुतेक वाचणार होतं. तिला बरं वाटलं, आणि त्याचबरोबर काहीतरी हातचं सुटल्यासारखं झालं. आता ते तिच्यावाचून जगणार होतं.

बाळाच्या अंघोळीची वेळ झाली होती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि पाणी तापवायला घराकडे निघाली.