हाफटाइमचा सत्कार

हणमंतराव कुलथे जन्मात कधी फुटबॉलमागे धावले नव्हते, आणि धावले असते तरी त्यांच्या आधी त्यांचं पोटच पोचलं असतं. पण इंद्रायणी इलेव्हनचे मॅनेजर तेच. सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये अर्धी नोकरी काढून त्यांनी मयूर विहारच्या इंद्रायणी सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि फ्लॅटच्या बाल्कनीसमोर निघाला एक ऐसपैस मोकळा प्लॉट. त्या प्लॉटनेच त्यांना नादी लावलं.

आता मराठी पोरं आणि फुटबॉल, हे जमलं कसं? तर पोरं आधी क्रिकेटच खेळायची. पण देशात नवी अर्थनीती आली, सोसायटीत एकामागून एक मारुती गाड्या आल्या, आणि प्रत्येक सिक्सर कुणाच्या ना कुणाच्या काचेत शिरायला लागला. कार्यकारिणीने क्रिकेटवर बंदी घातली. पोरांनी मोठा चेंडू आणला आणि तो जमिनीवर ठेवला. शेजारच्या ब्लॉकमधला कुरियन गोलमध्ये उभा राहिला, हणमंतरावांचा जयेश कॅप्टन झाला, आणि बघता बघता ही टीम पूर्व दिल्लीतल्या सोसायट्यांच्या लीगमध्ये हरेनाशी झाली.

त्या हिवाळ्यात तर कमालच झाली. एका सीझनमध्ये ओळीने दहा सामने न हरण्याचं रेकॉर्ड बंगाली सोसायटीच्या नावावर होतं, आणि ते मोडायचा विचारसुद्धा आजवर कुणी केला नव्हता. आमच्या पोरांनी दहा गाठले. आता फक्त एक उरला होता.

आणि त्या एका सामन्यावर हणमंतरावांचा जीव टांगलेला होता, कारण प्लॉट. तिथे शॉपिंग प्लाझा उठवायचा म्हणून एक बिल्डर टपून बसला होता. हणमंतरावांना हवं होतं स्टेडियम. मोठं नव्हे हो, आपलं बेताचं: पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी, गोलला धड जाळ्या, आणि ऐन कॉर्नर किकला म्हशी मध्ये येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी कुंपण. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते बाल्कनीत उभे राहायचे आणि गॅलरी कधी इकडे बांधायचे, कधी तिकडे. बायको, वैजयंतीबाई, आतून म्हणायच्या की चहा गार होतोय, स्टेडियम नंतर बांधा.

प्लॉटचं काय करायचं हे ज्यांच्या हातात होतं ते मल्होत्रासाहेब. हणमंतराव त्यांना सतरा वेळा भेटले असतील. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "रेकॉर्ड तोड दीजिए कुलथेजी, अखबार में फोटो आने दीजिए, फिर देखते हैं।" सरकारी माणसाचं 'देखते हैं' म्हणजे काय हे हणमंतरावांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? आयुष्यभर तेच म्हणत आले होते. तरी ते हरखले, आणि साहेबांना अकराव्या सामन्याचे प्रमुख पाहुणे म्हणून बोलावूनच घरी आले.

शिवाय हे सगळं याच वर्षी व्हायला हवं होतं. जयेशला गुडगावच्या परदेशी कंपनीचं बोलावणं आलं होतं, कुरियन दुबईला निघाला होता, बाकीचीही पोरं टाय बांधून इंटरव्ह्यूला पळत होती. पुढच्या सीझनला टीमच उरणार नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोड्याने पेंड खाल्ली ती सत्कारात.

हणमंतराव मराठी मंडळाचेही सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात एक नारळ कमी पडला आणि माजी अध्यक्षा चंद्रप्रभाबाई ओझे सत्कारावाचून राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पार्किंगमध्ये वेगळा गणपती बसवला, आणि अर्धं मंडळ तिकडे आरतीला गेलं. त्या दिवशी हणमंतरावांनी मनाशी गाठ मारली: जग इकडचं तिकडे होवो, सत्कारातून एकही माणूस सुटता कामा नये.

आदल्या दिवशी करोल बागेतून नारळांचं पोतं आलं तेव्हाच वैजयंतीबाईंनी पुढचं ओळखलं. "अहो, जानेवारी आहे, अंधार लवकर पडतो," त्या म्हणाल्या. "साहेबांना शाल द्या, नारळ द्या, दोन वाक्यं बोला आणि खाली बसा. पोरांना खेळू दे." हणमंतरावांनी मान डोलावली. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाची मान ती, आपली आपणच डोलते.

सामन्याच्या दिवशी साहेब पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. त्यांच्याशिवाय सुरुवात कशी करायची, म्हणून सगळे थांबले. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे शिट्टी वाजली. रेफरी होते बंगाली सोसायटीचेच बॅनर्जीबाबू, काट्यासारखे सरळ. रेकॉर्ड आपल्याच लोकांचं जातंय म्हणून त्यांनी एक फाउल इकडचा तिकडे केला नाही. आणि पोरं काय खेळली! हाफटाइमला दोन-शून्य. समोरच्या पटपडगंजवाल्यांची तोंडं एवढीशी झाली होती. हणमंतरावांना वाटलं, गॅलरीचा चिरा बसलाच.

मग ते माइककडे गेले.

आधी दीपप्रज्वलन. उघड्या मैदानात वाऱ्यावर समई पेटेना. पाच वाती, एक पेटली की दुसरी विझायची. मग स्वागतगीत, तेही सगळ्या कडव्यांसकट. मग साहेबांचा परिचय, शाल, नारळ. एवढ्यावर थांबले असते तर आज गोष्टच वेगळी असती. पण समोर चंद्रप्रभाबाई बसलेल्या. त्यांचा सत्कार केला तर विद्यमान अध्यक्षांचा नको? अध्यक्षांचा केला तर खजिनदारांचा? मग सोसायटीच्या कार्यकारिणीचे, मंडपवाल्यांचे, पटपडगंजच्या मॅनेजरचे. प्रत्येकाने नारळ घेतला की 'दोन शब्द', आणि मराठी माणसाचे दोन शब्द कधी दोन असतात का? बॅनर्जीबाबू दोनदा येऊन कानात सांगून गेले की लीगच्या नियमाने यजमानांमुळे सामना अपुरा राहिला तर यजमान हरले. हणमंतराव म्हणाले, बस, पाच मिनिट, बाबूमोशाय. वैजयंतीबाईंनी आधी डोळे वटारले, मग पदराने खूण केली, शेवटी सरळ उठून उभ्या राहिल्या. हणमंतरावांना वाटलं, हिचाही सत्कार राहिला की काय, आणि त्यांनी तिलाही नारळ दिला.

त्यानंतर आभारप्रदर्शन. ते खुद्द हणमंतरावांचं.

पोरं पुन्हा मैदानात उतरली तेव्हा यमुनेकडून धुकं आलं होतं आणि अंधार त्याच्या मागोमाग. कुरियनला समोरचा गोल दिसेना, मग जयेश दिसेना, मग चेंडूच दिसेना. थोडा वेळ नुसते पायांचे आवाज आले. बॅनर्जीबाबूंनी लांब शिट्टी फुंकली आणि खरोखर वाईट वाटून सांगितलं की सामना संपला, पटपडगंज विजयी.

हातातोंडाशी आलेला घास गेला. जयेशने बुटाची लेस सोडली, बूट खांद्यावर टाकले आणि वडिलांकडे न बघता घरी गेला. ओरडला असता तर हणमंतरावांना बरं वाटलं असतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बाल्कनीत गेले नाहीत.

आणि मल्होत्रासाहेब? तो माणूस शाल पांघरून गाडीत बसला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्याला मिठाई दिली होती, शिव्या दिल्या होत्या, पण शाल घालून त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. महिन्याभरात निर्णय आला. बिल्डरला नकार. या भागातल्या लोकांची खरी गरज आपण डोळ्यांनी पाहिली आहे, असं साहेबांनी सांगितलं, आणि प्लॉटवर स्टेजसह भव्य सभागृह मंजूर केलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा.

दीड वर्षात सभागृह उभं राहिलं. दारावर पाटी लागली, आत चेंडू आणण्यास मनाई आहे. उद्घाटनाला पहिला सत्कार अर्थातच हणमंतरावांचा. त्यांच्याचमुळे हॉल मिळाला, असं सगळे म्हणत होते. मागच्या रांगेत गुडगावहून आलेला जयेश बसला होता, जुन्या टीममधली दिल्लीत उरलेली तीन-चार पोरं घेऊन.

हणमंतरावांनी शाल घेतली, नारळ घेतला, माइक हातात घेतला. लोक खुर्चीत सैलावून बसले. आता तासभराची निश्चिंती.

"मुलांनो," ते म्हणाले, "तुम्ही एकही सामना हरला नाहीत. तो मी हरलो."

आणि खाली बसले. संपलं एवढं कुणाच्या लक्षातच येईना. मग मागच्या रांगेतून टाळी आली, जयेशची, आणि पाठोपाठ सगळ्या हॉलची.

वैजयंतीबाईंनी त्यांच्या मांडीवरचा नारळ आपल्या पिशवीत टाकला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, दोन वाक्यांत जमतं की तुम्हाला."