हातोडी अजून जरा कडक

आमच्या घरात पियानो नाही. कीबोर्ड आहे, कॉम्प्युटर आहे आणि त्यात पियानोचं गणित आहे. रेकॉर्ड केलेला एकही सूर नाही; तार केवढी, तारेवर आपटणारी हातोडी किती कडक, झाकण किती उघडं, एवढं सांगितलं की कॉम्प्युटर आवाज घडवतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण गेले तीन महिने नवरा दुसरं काही बोललेलाच नाही.

मी गाणं शिकवते. रविवारी माझ्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम, आणि साथीला अठरा वर्षं हाच. पण या वेळी तालमीचा पत्ताच नव्हता. विचारलं की उत्तर ठरलेलं: “अगं, हातोडी अजून जरा कडक करतो, मग बसू.”

शुक्रवारी दुपारी माझं डोकंच फिरलं.

“त्याच हातोडीने तुझं कपाळ फोडीन! ऊठ!”

त्याला उठवून मीच वाजवायला बसले. मधले सूर गोड होते, पण वरचा प्रत्येक सूर कानठळ्या बसवत होता.

“हे वरचे सूर असे का किंचाळतायत? वाट लावून ठेवलीस सगळ्याची!”

“माझ्या हाताखाली नाही किंचाळत,” तो म्हणाला.

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. चार बोटं नीट बसली. करंगळी आत वळली आणि तशीच राहिली.

“तिच्यात जोरच येत नाही, आणि वरचे सूर तिच्याच वाट्याला येतात. म्हणून वरच्या एकेका सुराचा आवाज वाढवत गेलो. म्हटलं, कुणाला कळणार नाही.”

“डॉक्टर?”

“दाखवलं. नस दबलीय म्हणाले. सुधारेल, नाहीतर अशीच राहील.”

म्हणजे डॉक्टरांना माहीत, कॉम्प्युटरलाही माहीत, आणि मी शेजारच्या खोलीतून नुसती कटकट करत होते. मला त्याचा इतका राग आला की रडूच फुटलं.

“रविवारी दुसऱ्या कुणाला तरी बोलाव,” तो म्हणाला.

“काही नको. करंगळीचे सूर मी वाजवते. सरक तिकडे.”

तो सरकला. मग माऊस हातात घेऊन वरच्या सुरांचा आवाज एकेक करून खाली आणायला लागला. खूप वेळ लागला. मी एकदाही ‘आवर’ म्हणाले नाही.